सुपाच्या ढाली

ड्रेपरी म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर शहरातले वाचक पडद्यांचं दुकान समजायचे. आमच्याकडे गावोगावी जत्रेला नाटकं होतात. त्यातल्या राजाचा अंगरखा, राक्षसाच्या मिशा, देवाचा मुकुट, शिपायाचा भाला, हे सगळं भाड्यानं पुरवायचं त्याला ड्रेपरी म्हणतात. आमच्या घरी माळ्यावर अकरा पत्र्याच्या पेट्या होत्या. त्या टेम्पोत घालून गावोगाव हिंडायचे आमचे हे, आणि पेट्यांतलं सगळं शिवायचे मी. पाटीवर नाव त्यांचं, टाके माझे. तक्रार नाही, पण सांगून ठेवलेलं बरं.

या धंद्यात माणूस नवस फेडल्यासारखा राजा व्हायला येतो आणि माप घेताना खरा उघडा पडतो. एका भीमाची छाती भरली बत्तीस इंच! त्याला आतून चार उशा बांधून दिल्या. दुसऱ्या अंकात त्यातली एक सरकून पाठीवर गेली आणि भीमसेन कुबड काढून गदा फिरवत राहिले. एका रावणाला मी हौसेनं इतकी रुंद डोकी करून दिली, की तो विंगेतून आत शिरेना. शेवटी खेकड्यासारखा आडवा आडवा चालत दरबारात आला, आणि पब्लिकला वाटलं, रावण असाच चालतो. मुद्दा काय, मला वाटत होतं की आता आपल्याला नवीन काही बघायचं उरलेलं नाही.

हे गेल्यावर मी पेट्या विकून टाकायच्या बेतात होते. गिऱ्हाईकही ठरलं होतं. तेवढ्यात एका सकाळी वैशाली आली. वैशाली आमच्या गावची अंगणवाडीसेविका. चौलपासून आत, भातशेतीच्या अंगाला आमचं गाव. तिथली सगळी पोरं तिच्या हाताखालून गेलेली.

"मामी, सरदार शिवायचेत. आठ," ती म्हणाली.

"कुठले? पेशव्यांकडचे की निजामाचे?"

"तसले न्हाय वो. डोस्क्यापासून पायापर्यंत लोखंडात असतात ते. फिरंगी. घोड्यावरचे."

"आणि घालणार कोण?"

"आमच्या बचत गटातल्या बाया."

मी हातातली सुई खाली ठेवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला कामाच्या वेळेला हसू आवरेना.

त्यामागची हकिगत अशी. अंगणवाडीतली पोरं खिचडी खाईनात, म्हणून वैशालीनं गोष्ट रचायला घेतली. एक घास, एक वार. सोनकिल्ल्याचा सरदार आणि काळकिल्ल्याचा सरदार, दोघांच्या मध्ये गोड्या पाण्याची एकच विहीर. काळकिल्ल्याचा सरदार विहिरीवर कुलूप घालतो, सोनकिल्ल्याचा त्याला लढाईत मारतो आणि विहीर मोकळी करतो. तीन वर्षं ही गोष्ट वाढत होती. पोरांना तोंडपाठ. मग एके दिवशी पोरांना न्यायला आलेल्या आया दाराशी उभ्या राहून ऐकायला लागल्या, आणि कुणीतरी म्हणालं, जत्रेला हेच करूया की!

आता हे बोलणं सोपं होतं. आमच्या जत्रेच्या स्टेजवर तोवर गावची बाई कधी चढलीच नव्हती. नाटक पुरुषांचं, नायिका बाहेरून आणलेली, आणि गावच्या बाया खाली चटईवर. जत्रा कमिटीचे अध्यक्ष नाना, माणूस वाईट नाही, पण मान हलवायलाही पंचांग बघणारा. वैशाली सहा वेळा त्यांच्या ओटीवर जाऊन बसली तेव्हा म्हणाले, "बरं. दुपारी चारला घ्या. रात्रीचं नाटक पुरुषांचं. आनि एकदाच देतो हां. काय घोळ झाला तर परत स्टेज मागायचं न्हाय."

दुपारी चार म्हणजे लोक नारळ फोडून, जेवून आडवे झालेले असतात ती वेळ. तरी वैशालीला केवढा आनंद! तिला नाटकाची हौस होतीच, पण त्याहून ते 'परत मागायचं न्हाय' टोचत होतं. हे एक सुरळीत पार पडलं तर कायमचं दार उघडेल, नाहीतर तिच्यापाठी कुणी पोरगीसुद्धा कधी त्या स्टेजवर उभी राहणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, पेट्या विकायच्या नाहीत.

आता लोखंड आणायचं कुठून? मी वाडीत गेले. पोफळीचं पान गळतं तेव्हा त्याच्या बुडाशी एक रुंद, जाड चामड्यासारखं आवरण असतं, त्याला विरी म्हणतात. वाळली की ती आपसूक गोल वळते. चंदेरी रंग मारला आणि खांद्यावर बसवली, झाला लोखंडी खांदा! गुडघ्यांना करवंट्या. डोक्याला पाण्याचे ते मोठे वीस लिटरचे जार, बूड कापून, डोळ्यांपुढे फट पाडून. त्यात बोललं की आवाज आडातून आल्यासारखा घुमायचा. बायांना ते इतकं आवडलं, की जार घालून एकमेकींना हाका मारत बसायच्या, "काय गं, भात झाला काय?"

अंगातलं कड्यांचं चिलखत करायला रेवदंड्याच्या कोळीवाड्यातून जुनी जाळी आणली. तीनदा साबणात, दोनदा लिंबाच्या पाण्यात धुतली, मग चंदेरी रंगवली. दिसायला असं झकास, की माझी मीच हरखले! वास मात्र गेला नाही. तालमीला आठ सरदार एका रांगेत निघाले की पाठोपाठ गावातली सगळी मांजरं.

ढालींचं मात्र सुपावर भागलं. भात पाखडायचं सूप उभं धरा, झाली सरदाराची ढाल. प्रत्येकीच्या घरातलं होतं. प्रश्न होता तो ढालीवर काढायचं काय. वैशालीनं मला रेवदंड्याच्या किल्ल्यात नेलं आणि दरवाजावर दगडात कोरलेली फिरंग्यांची ढाल दाखवली. जन्मभर त्याखालून एसटीनं गेलेय, कधी मान वर केली नव्हती. ती म्हणाली, "मामी, टोपात तोंड झाकलं की आपला कोण, परका कोण कसं कळायचं? म्हणून ज्याची त्याची निशाणी. ढालीवरबी तीच, झेंड्यावरबी तीच."

मी घरी येऊन सिंह काढला. अंगणवाडीतली पोरं म्हणाली, मनीमाऊ. पुन्हा काढला. तरी मनीमाऊच! शेवटी बायाच म्हणाल्या, मामी, आपल्याला येतं तेच काढा. मग हिराला विचारलं, तुझं काय? हिरा सोनकिल्ल्याची सरदार. अंगानं दणकट, भाताच्या लावणीला तिच्या हाताशी कुणी टिकत नाही. म्हणाली, "माझी कपबशी. घरात पहिला कप मी पिते, मग बाकीच्यांना." काळकिल्ल्याची सरदार होती अंजना, हिराची धाकटी जाऊ. तिनं छत्री मागितली. कुणी शिलाई मशीन, कुणी खुर्ची. मी सगळं ऐटीत रंगवलं. माझी कपबशी तर इतकी देखणी झाली होती, की तिच्यातून वाफ निघताना दिसायची.

आणि इथंच माती खाल्ली.

मध्येच ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव. एका पॅनलनं हिराला उभं केलं, तर दुसऱ्यानं लगेच तिच्याच जावेला गाठून अंजनाला. नवरे दोघे सख्खे भाऊ, पण दोन पॅनलांत. एका घरात राहून जावा बोलेनाशा झाल्या. तालमीत तलवारी खऱ्या लागायला लागल्या, मला दोन विऱ्या बदलाव्या लागल्या. तेही चाललं असतं. पण फॉर्म भरताना निशाणीची पसंती विचारतात ना? हिरानं सांगितलं, कपबशी. का? तर म्हणे, ती माझीच हाय, मामींनी काढलीया. अंजनानं सांगितलं, छत्री. दोघींनाही आपापली मिळाली. कुणाचंही डोकं चाललं नाही. माझंही नाही! उलट मला अभिमान वाटला हो, माझी निशाणी सरकारदरबारी गेली म्हणून.

मग तालमीचे फोटो मोबाइलवरून गावभर फिरले. इकडच्या पॅनलनं तिकडची तक्रार केली, तिकडच्यांनी इकडची. जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी निवडणुकीचे साहेब जीपमधून आले. तरुण पोरगा, सौम्य बोलणारा. ढाली ओळीनं उभ्या करून त्यानं एकेक बघितली.

"मावशी, हा तर उघड प्रचार आहे. आचारसंहिता लागलीय. या ढाली स्टेजवर जाणार नाहीत."

"दोन पुसते की. बाकीच्या राहू द्या," मी म्हटलं.

"शिलाई मशीनही आहे यादीत. खुर्चीपण."

त्यानं यादी हातात दिली. वाचून मला घेरीच यायची राहिली. बादली, पंखा, कुकर, कात्री, शिडी, फुगा. घरातली एक वस्तू म्हणून त्यांनी सोडली नव्हती. भेंडी! अहो, भेंडीसुद्धा! जनावरं तेवढी यादीत नव्हती, पण आठ सरदारांच्या आठ ढालींवर आठ मनीमाऊ काढून कोण कुणाला ओळखणार? आणि कोऱ्या ढाली घेऊन नाटक करावं, तर जारमध्ये तोंडं झाकलेल्या आठ बाया एकमेकींना बदडतायत एवढंच दिसलं असतं.

नाना जीपच्या मागे उभे होतेच. म्हणाले, "वैशाली, तुझ्याच्यानं जेवढं झालं तेवढं केलंस. आता भजनी मंडळाला देतो चारची वेळ. साहेबांशी वाकडं नको."

"नाना, उद्या दुपारपर्यंत दम धरा," ती म्हणाली.

ते गेल्यावर ती माझ्या पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मला माझाच राग येत होता. चाळीस वर्षांचा अनुभव, आणि एक धड सिंह काढता येऊ नये? मी तिच्याशेजारी बसून लांब शेताकडे बघत राहिले. भात कापून गेलेलं, सगळं मोकळं. पलीकडच्या बांधावरून दोन ठिपके येत होते.

"हिरा येतेय बघ. मागनं गोदा," मी म्हटलं.

वैशालीनं डोळे पुसले. "मामी, तुम्हाला चष्मा लावून सुईचं भोक दिसत न्हाय. एवढ्या लांबनं हिरा कशी वळखलीत?"

"तोंड कशाला दिसायला हवं? ती मोरपंखी साडी गावात दुसऱ्या कुणाची आहे का?"

बोलले आणि मी उठूनच उभी राहिले. अगं बाई! बांधावर, विहिरीवर, बाजारात आम्ही बायकांना ओळखतो कशावरून? साडीवरून! अमकीची किरमिजी, तमकीची चौकड्याची, भाचीच्या लग्नात घेतलेली. गावातल्या कुठल्याही पोराला विचारा. दगडातल्या ढालीवर निशाणी असते, आमच्या बायकांच्या अंगावर असते. मी वैशालीला दंडाला धरून उठवलं आणि घरोघर निरोप पाठवला: ज्या साडीवरून गाव तुला लांबून ओळखतं, त्या साडीचा काठासकट हातभर तुकडा उद्या सकाळी आण. आतल्या, खोचायच्या बाजूनं काप, म्हणजे साडी नेसती राहील.

वाटलं होतं, काचकूच करतील. बाईला साडी काप म्हणणं सोपं नाही. पण सकाळी आठाला माझ्या ओटीवर सहा जणी तुकडे घेऊन हजर! मी सुपांवर ते ताणून दाभणानं शिवायला बसले. त्या वेळची मजा काय सांगू? "ही गोदाची, बारशाची!" "ही शकूची, नवऱ्यानं पहिल्या पगारात घेतलेली!" प्रत्येक तुकड्याला सगळ्यांना सगळी माहिती. आम्ही हसून हसून लोळत होतो आणि रडतही होतो. शेवटी हिरा आली. तिनं मोरपंखी आणलीच नव्हती. गुंडाळीतून पिवळाधमक तुकडा काढला, हिरवा काठ, त्यावर लाल पोपट.

"ही तर तुझी हळदीची गं!" मी म्हटलं.

"व्हय. शिवा गुपचूप," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

अंजना आली नाही. हिरा माझ्याकडे येणार हे माहीत होतं तिला. निरोप आला, माझी ढाल माझी मी शिवते. हात चांगला तिचा, म्हणून मी काळजी केली नाही. दुपारी वैशालीनं बाकीच्या ढाली साहेबांना दाखवल्या; साडी काही यादीत नव्हती, मग नानांनीही चारची वेळ राहू दिली. चारला ती स्टेजमागे आली तेव्हा ढाल चादरीत गुंडाळलेली. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "स्टेजवर बघा." मला आणखी सतरा कामं होती. कुणाची करवंटी निसटलेली, कुणाचा जार उलटा.

चारला लोक नसतील म्हणत होते. अहो, आख्खं गाव! साडी कापल्याची बातमी घरोघर गेली होती, आता कुणी काय कापलंय ते बघायलाच सगळे आले. पुढच्या रांगेत नाना, शेजारी यादी घेऊन साहेब, आणि चटईवर हिरा-अंजनाची सासू आक्का. पडदा मी ओढला. पहिला सरदार आत आला आणि त्यानं तोंड उघडायच्या आत पब्लिक ओरडलं, "गोदा!" दुसरा आला, "शकू!" जारच्या आत त्या हसतायत ते माइकवर ऐकू येत होतं. अंगणवाडीची पोरं स्टेजला चिकटून बसलेली. कुणी वाक्य विसरलं की तीच सांगत होती. दोन मांजरं लढाईत शिरली, त्यांना टाळ्या मिळाल्या.

मग शेवटची लढाई. डावीकडून हिरा आली, पिवळी ढाल पुढे. उजवीकडून अंजना. तिनं चादर टाकली.

पिवळाधमक तुकडा. हिरवा काठ. लाल पोपट.

दोघींची लग्नं एका मांडवात झालेली. दोन्ही सुनांना हळदीची साडी सारखीच, म्हणजे पुढे रुसवेफुगवे नकोत. पुढे कितीतरी वर्षं सणाला त्या ती जोडीनंच नेसायच्या. सगळ्या गावाला ती जोडी पाठ होती. आक्का चटईवरून उठल्या आणि हात वर करून ओरडल्या, "दोन्ही मीच आनल्यात गं! माझ्या माहेरनं, बोर्लीच्या बाजारातनं! एका गठ्ठ्यातल्या!"

जो काही गदारोळ झाला! शिट्ट्या, टाळ्या, पोरं नाचायला लागली. साहेब माझ्याकडे विंगेत धावत आले. "मावशी, या दोघी एकाच पॅनलच्या आहेत का?"

"एका चुलीच्या आहेत, साहेब. बसा खाली."

स्टेजवर हिराची तलवार वरच्या वर राहिली होती. जारमधून आवाज घुमला, "हळदीची कापलीस व्हय गं?"

"तू न्हाय कापलीस?" अंजना म्हणाली. "मला वाटलं, तू मोरपंखी आनशील."

"मला वाटलं, तू तुझी नेहमीची जांभळी."

हे काही वहीत नव्हतं. वैशाली माझ्या बाजूला वही छातीशी धरून उभी होती. "मार!" ती दबक्या आवाजात ओरडत होती. "हिरे, मार तिला! मेल्याबिगर पडदा कसा पडंल?" खालून पोरंही ओरडायला लागली, "मार! मार!" त्यांना गोष्ट माहीत होती ना. मी नानांकडे बघितलं. त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं.

हिरानं तलवार टाकली, डोक्यावरचा जार उपसून काढला. घामानं निथळत होती. "न्हाय मारायची," ती पोरांना म्हणाली. "हिला मारलं तर उद्या सकाळी माझ्याबरोबर भाकऱ्या कोन थापील?"

अंजनानंही जार काढला. रडत होती की हसत होती, तिलाच ठाऊक. पुठ्ठ्याच्या विहिरीकडे गेली, कुलूप काढलं आणि म्हणाली, "घे. विहीर मोकळी. पन पहिली घागर मी भरनार!"

"बरं बया, भर!" हिरा म्हणाली, आणि मी दोरी सोडून दिली.

निवडणुकीचं विचाराल तर दोघीही पडल्या. तिसरीच निवडून आली, भेंडीवाली. त्या दोघींनी निकालाच्या दिवशी मिळून माझ्याकडे येऊन चहा घेतला, पहिला कप हिरानं.

पण त्या दुपारी पडद्यामागे कुणी हसत नव्हतं. बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या आणि आत वैशाली एका पेटीवर बसून हमसून हमसून रडत होती. "तीन वर्सं सांगतेय मी, काळकिल्ल्याचा सरदार मरतो. त्यो मेला की गोष्ट संपते. संपवलीच न्हाय तुमी! आता नाना म्हनतील, बायांना एक नाटक धड करता येत न्हाय." हिरा आणि अंजना पोरींसारख्या माना खाली घालून तिच्यासमोर उभ्या होत्या.

तेवढ्यात पडदा बाजूला करून नानाच आत आले. मी दाभण घट्ट धरलं. वैशाली उठून उभी राहिली. नानांनी त्या दोन ढालींकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"वैशाली, काळकिल्ल्याचा मेला न्हाय."

"न्हाय, नाना. चुकलं."

"मग आता त्यो काय करनार?"

वैशालीनं पदरानं नाक पुसलं, वहीकडे बघितलं, ती मिटली. "मेलाच न्हाय म्हनल्यावर बघायला हवं," ती हळूच म्हणाली. "लिवावं लागंल. यळ लागंल, नाना."

"लिव की," नाना म्हणाले. पाठ फिरवून निघाले आणि पडद्याशी थांबले. "आनि तवा रातचं घ्या. चारला लय ऊन लागतंय बायांना."